सँटोरिनीला जहाज थांबतं तेव्हा: आधी परतीची रांग, मग बेट

चैत्रात सप्तशृंगीला जाणाऱ्या खान्देशी माणसाला पायऱ्या, ट्रॉलीची रांग आणि गर्दीतली ढकलाढकल कुणी शिकवायला नको. तरीही ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर आमच्या नऊ जणांपैकी चौघांचं जहाज चुकता चुकता राहिलं. वर जायला रांग असते हे त्यांना ठाऊक होतं. खाली यायलाही तेवढीच असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी भुसावळला रेल्वेत 31 वर्षं काढली. गाडी कुठे किती वाजता पोहोचली पाहिजे ते आधी धरायचं आणि तिथून मागे मागे येत सुटायची वेळ काढायची, ही सवय हाडात भिनलेली. जहाजाच्या थांब्याला तीच उपयोगी पडली. जळगाव, फैजपूर, धुळ्याकडचे ओळखीचे लोक ग्रीसच्या क्रूझचं बुकिंग केलं की फोन करतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

बेट असं का आहे

हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. सुमारे 3600 वर्षांपूर्वी इथे प्रचंड मोठा ज्वालामुखी फुटला, डोंगराचा मधला भाग खाली बसला आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. या खड्ड्याला काल्डेरा म्हणतात. उरली ती फक्त कड, चंद्रकोरीसारखी. अजिंठ्याच्या डोंगराचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण आपल्याकडे लाव्हा थरावर थर पसरत गेला. इथे डोंगराच्या चिंधड्या झाल्या. गावं त्या कडेच्या अगदी काठावर वसलीत आणि खाली सरळ कडा. कड्याखालचं पाणी जवळजवळ 400 मीटर खोल, त्यामुळे मोठ्या जहाजाला नेहमीसारखा नांगर टाकता येत नाही. ते पाण्यातच उभं राहतं आणि माणसांना लहान बोटींनी काठावर नेतात.

या बोटींना क्रूझवाले टेंडर म्हणतात. आपल्याकडे टेंडर म्हटलं की निविदा आणि ठेकेदार आठवतात. ‘उद्या सकाळी टेंडरचे नंबर वाटणार’ ही घोषणा ऐकून आमचे साडू खरोखरच दचकले होते. ते चाळीसगावला ठेकेदारी करत.

बोट लागते ती जुन्या बंदरात. तिथून फिरा हे मुख्य गाव सुमारे 220 मीटर उंचावर, थेट डोक्यावर. मोटारीचा रस्ता जुन्या बंदरापर्यंत येतच नाही. वर जायला तीनच मार्ग: केबल कार, पायऱ्या आणि खेचरं.

घरून निघण्याआधी

तुमच्या तारखेला सँटोरिनीत आणखी किती जहाजं आहेत ते बघा. बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात. 2025 पासून एका दिवसात 8000 च्या वर क्रूझ प्रवासी येऊ द्यायचे नाहीत अशी मर्यादा घातली आहे. आकडा ऐकून दिलासा वाटतो, पण बेटाची स्वतःची वस्ती 15 हजारांच्या आसपास आहे हे लक्षात घ्या. तारीख निवडायला वाव असेल तर एकच जहाज असलेला दिवस घ्या. जुलै-ऑगस्टपेक्षा मे किंवा ऑक्टोबर बरा.

व्हिसाची एक मेख आहे. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तुर्कस्तान नाही. ग्रीसची बेटं करताना मध्येच जहाज तुर्की बंदराला लागत असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. म्हणून शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. तुर्कस्तानच्या व्हिसाचं काय ते क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या. एजंटने तोंडी ‘काही लागत नाही’ म्हटलं यावर विसंबू नका.

जुलै 2025 पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचा कर लावला आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस या दुसऱ्या बेटाला जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबरला 12, हिवाळ्यात 4. बहुतेक वेळा तो जहाजाच्या बिलात येतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी बिल बघून भांडू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका झाली आणि हजारो लोक बेट सोडून गेले होते. निघण्याच्या आठवड्यात बातम्या बघाव्यात.

आदल्या रात्री

रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापील कागदावर किंवा ॲपवर येतो. त्यातल्या तीन गोष्टींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा: जहाज सुटण्याची वेळ, शेवटच्या टेंडरची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. शेवटचं टेंडर जहाज सुटायच्या आधी अर्धा ते एक तास असतं. आपल्याला पाळायची ती ही वेळ, जहाजाची नव्हे.

घड्याळ सांभाळा. इटलीहून ग्रीसला येताना एक तास पुढे जातो. तुर्कस्तान आणि ग्रीस उन्हाळ्यात एकाच वेळेवर चालतात, पण हिवाळ्यात ग्रीस एक तास मागे जातं. त्यात मोबाइल आपणहून वेळ बदलतो. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून घ्या. जहाजावर असताना मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात.

टेंडरचे नंबर कधी आणि कुठे वाटणार ते रात्रीच रिसेप्शनवर विचारा. जहाजाची सहल विकत घेतलेल्यांना आणि महागड्या केबिनवाल्यांना आधी सोडतात. आपला नंबर त्यांच्या नंतर. पासपोर्ट बरोबर घ्यायचा की जहाजावरच ठेवायचा हेही तिथेच विचारा. जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स मात्र खिशात हवीच.

जहाजाची सहल घ्यावी का?

मी तत्त्वतः विरोधात. दुप्पट पैसे घेऊन बसमध्ये बसवतात. पण सँटोरिनीला माझं मत डळमळतं, आणि कारण सोपं आहे. सहलीवाल्यांना जुन्या बंदरात न उतरवता बऱ्याचदा आथिनिओस या दुसऱ्या बंदरात नेतात. तिथे रस्ता आहे, बस थेट धक्क्यावर उभी असते आणि ती वळणावळणाने वर चढते. तोरणमाळचा घाट बघितलेल्यांना त्या वळणांचं काही वाटणार नाही. म्हणजे सकाळची केबल कारची रांग पूर्ण टळते. सहल बहुधा फिरामध्ये संपते आणि खाली यायचं केबल कारचं तिकीट हातात देतात. दुसरं म्हणजे सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण उशिरा आलो तर थांबत नाही.

बरोबर सत्तरीच्या पुढची माणसं असतील, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर डोळे मिटून सहल घ्या. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

बोटीत पाय टाकताना

सँटोरिनीत प्रवाशांची ने-आण बहुतेक स्थानिक नावाड्यांच्या बोटी करतात. जहाजाच्या दाराशी बोट वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा धरू नका, मनगटाच्या वरचा भाग धरा आणि त्यालाही तुमचा तसाच धरू द्या. घामाने पंजा निसटतो, अशी पकड निसटत नाही. बोट वर आली की पाऊल टाका, खाली जात असताना नाही. हातात पिशवी, काठी, मोबाइल काही नको, सगळं पाठीवर. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा. माझ्या सौभाग्यवतींनी ऐकलं नाही आणि निऱ्या सावरण्यात दोन बोटी गेल्या.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. तो जोरात असेल तर कप्तान थांबा रद्दही करतो. आरडाओरडा करून उपयोग नसतो.

वर कसं जायचं

केबल कारचे डबे एका माळेत 6 असतात आणि एका डब्यात 6 माणसं बसतात. म्हणजे एका फेरीला 36. वर जायला फक्त तीनेक मिनिटं लागतात आणि दृश्य अप्रतिम. आता हिशेब करा: 3000 प्रवाशांचं एक जहाज वर न्यायला 83 पेक्षा जास्त फेऱ्या. सप्तशृंगीची ट्रॉली ज्याने यात्रेच्या दिवशी पाहिली त्याला यापुढे काही सांगायला नको. पहिल्या बोटीतून उतरलात तर दहा मिनिटांत वर जाल, तासाभराने आलात तर रांग धक्क्यापर्यंत आलेली असेल. म्हणून नाश्ता लवकर उरका. भाडं बरीच वर्षं एका बाजूचं 6 युरो होतं, पुढे वाढलं. जहाजाच्या तिकिटात ते नसतं. सुट्टे युरो जवळ ठेवा. स्थानकात काही पायऱ्या आहेत, त्यामुळे व्हीलचेअरवाल्यांनी आधी जहाजावर चौकशी करावी.

पायऱ्या 588 सांगतात. ‘इतल्या पायऱ्या कोन चढी वं माय?’ हा आमच्या सौंचा खालूनच उद्गार. पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत, नागमोडी वळणं घेत जातात. धडधाकट माणूस अर्ध्या-पाऊण तासात चढतो. अडचण उंचीची नाही. सावली नाही, दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि त्यावर खेचरांची लीद पडलेली असते. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हाला पुरून उरलेल्या माणसाला इथले 30 अंश काहीच वाटत नाहीत, पण पांढऱ्या भिंतींवरून ऊन तोंडावर येतं ते वेगळंच. टोपी, पाणी आणि मागे पट्टा असलेले, पकड घेणारे बूट. चपला नकोतच.

खेचरं त्याच पायऱ्यांवरून वर-खाली करतात, कधी कधी मोकळीच झुंडीने. घंटांचा आवाज आला की डोंगराच्या भिंतीला लागून उभे राहा, कठड्याच्या बाजूला नको. जनावर बुजलं तर बाहेरच्या बाजूच्या माणसाची अडचण होते.

खेचरावर बसावं का? सारंगखेड्याच्या बाजारात घोडी पारखण्यात हयात गेलेल्या आमच्या साडूंनी त्यांचे खूर आणि पाठी बघितल्या आणि काही न बोलता पायऱ्यांकडे वळले. ग्रीसने 2018 मध्ये नियम केला की खेचरावर किंवा गाढवावर 100 किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार घालायचा नाही. नियम पाळला जातो की नाही यावर वाद चालूच असतात. आमच्यातलं कुणी बसलं नाही. शिवाय खिंकाळत्या झुंडीत उतारावर बसणं सवय नसलेल्याला झेपणारं नाही.

एक उलटी वाट

आम्हाला हे धक्क्यावर उतरल्यावर कळलं. जुन्या बंदरावरच छोट्या बोटींची तिकिटं विकणारे उभे असतात. ही बोट कड्याच्या पायथ्याने ईया गावाखालच्या अमौदी बंदराला नेते, तिथून बस वर ईयात सोडते आणि नंतर ईयातून फिरापर्यंत बसने आणतात. सकाळची केबल कार पूर्ण टळते आणि कडा खालून दिसतो, काळे, तांबडे, पांढरे थर एकावर एक. पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: अमौदीहून वर बस मिळते ना, आणि परतीची बस यातच धरली आहे का? वरची बस धरलेली नसेल तर अमौदीहूनही पायऱ्याच आहेत.

नकाशात या गावाचं नाव ‘ओइया’ असं वाचाल, पण उच्चार ईया. बेटाचं ग्रीक नाव थिरा. फेरीच्या तिकिटांवर तेच असतं, गोंधळू नका.

वर पोहोचल्यावर

कॅलेंडरवर दिसणारे निळे घुमट बहुतेक ईयातले. फिराहून ईया 11 किलोमीटरच्या आसपास. केबल कारच्या वरच्या स्थानकापासून फिराचा बसस्टँड दहा-पंधरा मिनिटं चालत आहे. बसला केटेल म्हणतात, तिकीट आत कंडक्टर देतो, रोख द्यावं लागतं, भाडं दोन-तीन युरोंच्या घरात. ईयाला अर्धा तास. रांगेत उभे राहा असं सांगतो खरं, पण बस आली की रांग मोडते आणि तिथे जळगाव बसस्टँडवरचा आपला अनुभव कामाला येतो. टॅक्सी मोजक्याच आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

ईयातल्या गल्ल्या एका वेळी दोन माणसं जातील इतक्याच. घुमट चर्चचे आहेत आणि बरीच छपरं कुणाच्या तरी घराची. फोटोसाठी छपरावर चढू नका, तशा पाट्या लावलेल्या असतात. सूर्यास्ताचा नाद सोडून द्या. तोपर्यंत बरीच जहाजं निघालेली असतात, आणि तुमचं थांबणारं असेल तर सूर्यास्तानंतर सगळं गाव एकाच वेळी बसस्टँडवर येतं.

गुडघे दुखणाऱ्यांनी ईयाचा हट्ट धरू नये. फिरातून शेजारच्या फिरोस्तेफानी गावाकडे जाणारी वाट पंधरा मिनिटांची, चढ फार नाही, आणि काल्डेऱ्याचं दृश्य तेच. आमच्या मेहुणीने तिथल्या एका ओट्यावर दोन तास बसून काढले आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बेट बघितलं असं ती अजून सांगते.

माझी स्वतःची शिफारस मात्र बसस्टँडजवळच्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयाची. सुट्टीचा वार आधी बघून घ्या. बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी इथे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं एक अख्खं शहर आहे. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967 मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. तिथल्या भिंतीवरची निळ्या माकडांची चित्रं या संग्रहालयात आहेत. काही अभ्यासकांच्या मते ती माकडं आफ्रिकेतली नाहीत, आपल्याकडची वानरं आहेत. शेपटी वर उचलून चालण्याची त्यांची ढब तशी दिसते. पाटणादेवीच्या जंगलात काळ्या तोंडाची वानरं बघत मोठा झालेला माणूस त्या भिंतीपुढे जरा जास्तच वेळ उभा राहतो. हजारो किलोमीटरवरून हे प्राणी, किंवा निदान त्यांची ओळख, तिथे कशी गेली असेल?

अक्रोतिरी बसने अर्ध्या तासावर आहे. ईया आणि अक्रोतिरी दोन्ही एका थांब्यात स्वतःच्या स्वतः करू नका. एकच निवडा.

पोटाचं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. ‘फावा’ नावाचा पदार्थ मागा. हे बेटावरच्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण आहे, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. तिची वेल आपल्या लाखेच्या डाळीच्या जातकुळीतली. ‘तोमातोकेफतेदेस’ म्हणजे बेटावरच्या छोट्या टोमॅटोंची भजी. आणि भरिताच्या माणसाने न चुकता मागावी अशी गोष्ट म्हणजे पांढरी वांगी. सँटोरिनीची पांढरी वांगी तिथे प्रसिद्ध आहेत, आणि भाजलेल्या वांग्याचं ते सॅलड करतात. काड्यांच्या आगीवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याची सर नाही, हे साडूंचं मत. मी दोनदा घेतलं.

काल्डेऱ्याच्या काठावरच्या टेबलाचे पैसे दृश्याचे असतात. दोन गल्ल्या आत गेलं की दर उतरतात. पाणी बाटलीचंच प्या. शौचालय हवं असेल तर एक कॉफी घेऊन तिथलंच वापरा.

परतीचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा जहाज 6 वाजता सुटणार आणि शेवटचं टेंडर 5 ला. धक्क्यावर सव्वाचारला हजर असायचं, कारण टेंडरलाही रांग असते. दुपारी केबल कारची खाली यायची रांग दीड तास धरा, म्हणजे वरच्या स्थानकाशी पावणेतीन. बसस्टँडपासून चालायला पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच. ईयाहून बस अर्धा तास, म्हणजे दोन. आणि बस भरून निघून गेल्यास पुढच्या बसची वाट बघायला पाऊण तास. ईया सोडायचं दुपारी सव्वा वाजता. 6 ला सुटणाऱ्या जहाजासाठी!

आमच्या त्या चौघांना हा हिशेब पटला नाही. ते चारला निवांत केबल कारशी आले. रांग गल्लीला वळसा घालून दुकानांपर्यंत गेलेली. वीस मिनिटं उभं राहून लक्षात आलं की पुढे सरकतच नाही. शेवटी ते पायऱ्यांनी निघाले. उतरायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण घाईत, लिदीवरून, वर येणारी खेचरं चुकवत. साडूंच्या मुलाचा घोटा मुरगळला. शेवटच्या आधीच्या बोटीत ते चढले तेव्हा मी धक्क्यावर घड्याळ बघत होतो आणि मला खूप बोलायचं होतं. बोललो नाही, कारण पोराचा पाय सुजला होता.

त्यामुळे हे पक्कं ठरवून ठेवा. वरच्या स्थानकाशी पोहोचल्यावर रांगेत शिरण्याआधी एकाला पुढे पाठवा. एका फेरीला 36 माणसं, हे धरून रांगेतली माणसं मोजायची. गर्दीत फेऱ्या लागोपाठ चालतात, म्हणून पाच-सात मिनिटं उभं राहून किती माळा सुटतात ते बघायचं. शेवटच्या टेंडरला दीड तासापेक्षा कमी उरला असेल आणि रांग हलत नसेल, तर चालू शकणाऱ्यांनी लगेच पायऱ्या धरायच्या आणि न चालणाऱ्यांनी रांगेतच राहायचं. ताटातूट झाली तर भेट धक्क्यावर, वर थांबायचं नाही.

आणि जहाज सुटलंच तर? घाबरून धक्क्यावर बसू नका. आदल्या रात्री फोटो काढलेल्या एजंटच्या नंबरवर फोन करा. पासपोर्ट जहाजावर राहिले असतील तर ते त्याच्याकडेच उतरवलेले असू शकतात. पुढचं बंदर जवळचं बेट असेल तर आथिनिओसहून फेरी बघा. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला जायचं असेल तर जलद फेरीला पाच तासांच्या आसपास आणि मोठ्या फेरीला आठच्या आसपास लागतात, किंवा बेटावरून विमान. खर्च आपला. प्रवास विमा घेताना जहाज चुकल्याचं कलम त्यात आहे का, ते भुसावळलाच बघून घ्या.